अभ्यासिकेतले आठ संगणक आणि लिनक्समधला ‘स्थिर’ की ‘चपळ’ हा वाद

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आठ जुने संगणक आहेत. प्रत्येकात ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि डेबियन १२ हे लिनक्सचे डिस्ट्रो, म्हणजे तयार संच, आहे. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकली किंवा ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की माउसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. आपण मदत मागितली तेव्हा एका गटाने ‘स्टेबल’ म्हणजे जुनाट माल, रोज नवे होणारे डिस्ट्रो टाका, असे सांगितले. दुसऱ्याने चालत्या यंत्राला हात लावू नका, दोष तुमच्या रॅमचा आहे, असे बजावले. मग ते दोघे एकमेकांवरच घसरले. यांत खरे कोण, आणि ही मंडळी इतकी वर्षे भांडतात तरी का, असे आपण विचारले आहे.

मी दारव्हा आणि दिग्रस भागातल्या शाळा, वाचनालये आणि अभ्यासिकांमधली लिनक्सची यंत्रे बरीच वर्षे सांभाळतो आहे. माझे मत असे की दोन्ही बाजू आपापल्या टेबलावरून जे दिसते ते खरेच सांगतात, पण आपल्या यंत्राचे दुखणे त्यांच्या भांडणाच्या जागेपासून दूर आहे. हे नीट कळण्यासाठी वाद थोडा मुळापासून पाहावा लागेल, कारण त्यातच आपला उपायही आहे.

आधी ‘स्टेबल’ हा शब्द घ्या. आपण त्याचा अर्थ ‘बंद न पडणारे’ असा करतो. डेबियनच्या भाषेत त्याचा अर्थ ‘न बदलणारे’ असा आहे. एकदा आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातल्या प्रोग्रामांचे क्रमांक जवळजवळ गोठतात आणि त्यानंतर फक्त सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या आत येतात. याचा अर्थ असाही होतो की जे दोष ‘गंभीर’ ठरत नाहीत ते दोषही स्थिर राहतात. जुलै २००२ मध्ये आलेल्या ‘वुडी’नंतरची ‘सार्ज’ ही आवृत्ती यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षे लोक जुन्याच प्रोग्रामांवर होते, आणि मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारे उबुंटू उभे राहिले. ‘स्टेबल म्हणजे जुनाट’ हा शिक्का बराचसा त्या तीन वर्षांतला आहे. आज डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, पण शिक्का पुसलेला नाही.

गोठवण्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये जेमी झाविन्स्की यांच्या ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ या स्क्रीनसेव्हर प्रोग्रामात ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ अशी सूचना झळकू लागली आणि डेबियनमध्ये त्यावर मोठी चर्चा झाली. त्यांची तक्रार अशी होती की, आपण केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी डेबियनचे वापरकर्ते आपल्याकडे पाठवत राहतात. मला त्यांचा राग समजतो. वापरणाऱ्याला जे स्थैर्य वाटते, ते लिहिणाऱ्याला तेच तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचण्याचे ओझे वाटू शकते.

तरीही आमच्या भागात मी रोज बदलणारे डिस्ट्रो टाकत नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः केलेल्या एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेच्या संगणक कक्षात नवा कर्नल (प्रोसेसर, रॅम आणि डिस्क हाताळणारा लिनक्सचा गाभा) मिळावा म्हणून मी दहा यंत्रे डेबियनच्या ‘टेस्टिंग’ या सतत बदलणाऱ्या, पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेवर नेली. तिथे इंटरनेट म्हणजे शिक्षकांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. एका संध्याकाळी अपडेट चालू असताना वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या. तीन यंत्रांवर पॅकेजे अर्धी बसलेली आणि अर्धी सुटलेली अशा अवस्थेत राहिली, आणि त्यातल्या दोन यंत्रांवर चित्रमय पडदाच येईना. परीक्षा आठवड्यावर आली होती. मी दोन दिवस तिथेच मुक्काम करून पेन ड्राइव्हवरून पॅकेजे बसवली. अपडेट जितके वारंवार आणि जितके मोठे, तितकी वीज जाण्याच्या क्षणी यंत्र अपडेटच्या मध्यावर सापडण्याची शक्यता जास्त. शहरातल्या जाणकाराला रोजचा काही शे एमबीचा अपडेट जाणवतही नाही. आपल्याकडे तो एका शिक्षकाचा दिवसभराचा डेटा असतो.

आता चपळाईच्या, म्हणजे यंत्राने लगेच प्रतिसाद द्यावा असे म्हणणाऱ्यांच्या, बाजूचे म्हणणे. त्यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण देतो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जिनिंगवाला दिवसभरात किती क्विंटल कापूस उतरला ते मोजतो. शेतकरी आपली गाडी किती तास उभी राहिली ते मोजतो. मोठे ट्रक आधी घेतले तर काटा कधी रिकामा राहत नाही आणि दिवसाचा आकडा वाढतो, पण पाच क्विंटल घेऊन आलेल्याची रात्र आवारातच जाते. दोघांचेही मोजमाप खरे आहे. कर्नलमधला शेड्यूलर म्हणजे हा काटा होय: प्रोसेसरवर पुढची पाळी कोणाची, हे तो ठरवतो. सर्व्हरवाल्याला दिवसाचा आकडा हवा असतो, आणि आपल्या मुलांना कळ दाबताच अक्षर उमटायला हवे असते.

या मुद्द्यावरचे सर्वांत गाजलेले भांडण २००७ चे. कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. त्यांचा पेशा संगणकाचा नव्हता, पण डेस्कटॉप चपळ चालावा म्हणून ते अनेक वर्षे कर्नलसाठी पॅच, म्हणजे कोडातले छोटे बदल, लिहीत होते. त्यांनी मार्च २००७ मध्ये प्रत्येक प्रोग्रामला न्याय्य वाटा देणारा नवा शेड्यूलर मांडला. एप्रिलमध्ये कर्नलचे एक प्रमुख लेखक इंगो मोल्नार यांनी त्याच कल्पनेवर स्वतःचा ‘सीएफएस’ लिहून जाहीर केला आणि न्याय्य वाटपाची वाट कोलिव्हास यांनी सिद्ध केली, असे श्रेयही दिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.६.२३ या कर्नलमध्ये सीएफएस गेला. कोलिव्हास यांनी जुलैमध्येच कर्नलचे काम सोडले होते. जाताना त्यांचे म्हणणे असे होते की कर्नलची सगळी दिशा मोठ्या सर्व्हरांकडे वळली आहे आणि सामान्य वापरकर्त्याचा ‘अडकते’ हा अनुभव आकड्यांत मांडता येत नाही म्हणून कोणी ऐकत नाही.

लिनक्सचे जनक आणि कर्नलमध्ये काय जाईल ते ठरवणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी सीएफएस निवडण्याचे जे कारण दिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांचा आशय असा होता की, अडचण कळवणाऱ्याशी वाद घालणाऱ्यापेक्षा तिचा पाठपुरावा करणारा माणूस सांभाळकर्ता म्हणून जास्त मोलाचा असतो. यंत्राच्या प्रतिसादावरून सुरू झालेल्या वादाचा निकाल अशा रीतीने माणसाच्या प्रतिसादावर लागला. कोलिव्हास यांच्या बाबतीत तो पूर्ण न्याय्य होता असे मला वाटत नाही, कारण वर्षानुवर्षे डेस्कटॉपवाल्यांची गाऱ्हाणी त्यांनीच ऐकली होती. पण निकष म्हणून तो बरोबर आहे. कर्नलमध्ये आलेली ओळ पुढची वीस वर्षे कोणाला तरी सांभाळावी लागते.

ऑगस्ट २००९ च्या अखेरीस कोलिव्हास ‘बीएफएस’ हा नवा शेड्यूलर घेऊन परतले. मोल्नार यांनी तो सोळा तार्किक प्रोसेसरांच्या यंत्रावर तपासला आणि सीएफएस सरस ठरल्याचे दाखवले. कोलिव्हास यांनी उत्तर दिले की आपण तो तसल्या यंत्रासाठी लिहिलेलाच नाही. एकाने ट्रकच्या काट्यावर वजन केले, दुसरा बैलगाडीबद्दल बोलत होता. बीएफएस मुख्य कर्नलमध्ये कधीच गेला नाही. सीएफएसही कायमचा राहिला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ६.६ या कर्नलमध्ये त्याची जागा ‘ईईव्हीडीएफ’ने घेतली. त्याचा मूळ सिद्धांत १९९५ च्या एका संशोधन निबंधातला आहे, आणि कोणाला लवकर पाळी हवी व कोणाला जास्त वेळ हवा, यांतला फरक तो स्वच्छपणे हाताळतो. पुढे ६.१२ मध्ये शेड्यूलर बाहेरून जोडण्याची सोयही आली. २००७ मध्ये ज्यासाठी माणसे दुखावली गेली, त्याला आज दरवाजा आहे.

आणखी एक प्रसंग थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी सुमारे दोनशे ओळींचा एक पॅच दिला. एका टर्मिनलमधून चालवलेली जड कामे एका गटात बांधायची, म्हणजे त्यांच्यामुळे बाकीचा डेस्कटॉप गुदमरत नाही, अशी त्यातली युक्ती होती. काही जाणकारांनी हेच काम वापरकर्त्याच्या सेटिंगमधल्या चार ओळींनी होते, असे दाखवले. टोरवाल्ड्स यांचा कौल मात्र काही न करता आपोआप मिळणाऱ्या सोयीला होता, आणि २.६.३८ मध्ये पॅच दाखल झाला. माझ्या अनुभवाने हाच कौल खरा आहे. अभ्यासिकेतला मुलगा सेटिंगच्या चार ओळी लिहिणार नाही. त्याच्यासाठी यंत्र जसे पेटीतून निघाले तसेच ते आहे.

आता आपल्या आठ यंत्रांकडे येऊ. त्यांचा त्रास शेड्यूलरमध्ये नाहीच. मागच्या हिवाळ्यात अशाच एका अभ्यासिकेत मी एका मुलाच्या शेजारी बसून पाहिले. त्याने जुन्या प्रश्नपत्रिकांचे ४०० एमबीचे फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकले. पट्टी दहा-बारा सेकंदांत भरली आणि त्याने पेन ड्राइव्हकडे हात नेला. मी थांबवले तेव्हा तो म्हणाला, “झालं ना भाऊ, शंभर टक्के दाखवून रायलं.” पेन ड्राइव्हचा लाल दिवा मात्र लुकलुकत होता. तो सव्वा मिनिट तसाच लुकलुकत राहिला. त्या वेळात त्याने ब्राउझर उघडायचा प्रयत्न केला आणि पडदा गोठला.

झाले असे की फाइल पेन ड्राइव्हवर न जाता आधी रॅममध्ये गेली. कर्नल लिहायचा मजकूर रॅममध्ये साठवतो आणि सवडीने साधनावर उतरवतो. किती साठवायचे याची मर्यादा टक्क्यांत असते: वापरण्याजोग्या रॅमच्या १० टक्क्यांवर साठा पार्श्वभूमीवर साधनावर उतरवणे सुरू होते, आणि २० टक्क्यांवर लिहिणाऱ्या प्रोग्रामला थांबवले जाते. आपल्या यंत्रात ३ जीबी मोकळी धरली तर २० टक्के म्हणजे सुमारे ६०० एमबी. स्वस्त पेन ड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहितो. म्हणजे पूर्ण साठा उतरायला दोन मिनिटे लागतात. त्या काळात ब्राउझरने आपली काही नोंद डिस्कवर लिहायला घेतली की तोही या साठ्यामागे अडकू शकतो. २०१३ मध्ये एका वापरकर्त्याने हीच तक्रार कर्नलच्या मंडळींसमोर ठेवली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी मान्य केले की टक्क्यांची ही पद्धत ८ ते ६४ एमबी रॅमच्या काळातली आहे. तरी मूळ आकडे बदलले गेले नाहीत, कारण मोठ्या साठ्यामुळे वेगवान डिस्क असलेल्या सर्व्हरचे काम सुधारते. २०१७ मध्ये आलेल्या ४.१० मध्ये मागून होणाऱ्या लिखाणाला लगाम घालण्याची सोय आली आणि त्याच वर्षी ४.१२ मध्ये ‘बीएफक्यू’ हा डिस्कचा पाळीवाटप करणारा भाग आला. सुधारणा झाली, पण टक्के तिथेच आहेत.

दुसरा त्रास टॅबचा. त्याच वापरकर्त्याने ऑगस्ट २०१९ मध्ये तीही तक्रार मांडली, आणि योगायोग असा की त्याची चाचणी ४ जीबी रॅमवरच होती: स्वॅप (रॅम कमी पडल्यास डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद करा, ब्राउझर उघडा, टॅब वाढवत जा. रॅम भरत आली की कर्नल प्रोग्रामांच्या कोडची पाने रॅममधून काढून टाकतो, कारण ती डिस्कवरून परत आणता येतात. पण ती पाने पुढच्याच क्षणी लागतात. मग डिस्कवरून आण, पुन्हा काढ, पुन्हा आण, असा घोळ सुरू होतो. रॅम पूर्ण संपलेली नसते, म्हणून प्रोग्राम बंद करणारी कर्नलची शेवटची यंत्रणाही जागी होत नाही. आपला बाण गोठतो तो इथे. हा दाब मोजण्याचे साधन ‘पीएसआय’ हे डिसेंबर २०१८ च्या ४.२० या कर्नलमध्ये आले. कोणते काम किती वेळ नुसते वाट पाहत होते, ते टक्क्यांत कळू लागले. कोलिव्हास यांची ‘आकड्यांत मांडता येत नाही’ ही अडचण माझ्या मते इथे बऱ्याच अंशी सुटली.

उपाय निवडताना मात्र पुन्हा वाद झाला. फेडोरा या डिस्ट्रोने एप्रिल २०२० मध्ये ३२ व्या आवृत्तीत, यंत्र गोठण्याआधीच सर्वांत जड प्रोग्राम बंद करणारा ‘अर्लीऊम’ चालू करून दिला. उबुंटूने २२.०४ मध्ये त्याच प्रकारची ‘सिस्टिमडी-ऊमडी’ ही सेवा चालू केली, तेव्हा चालता ब्राउझर अचानक बंद होतो अशा तक्रारी आल्या. अर्ज भरता भरता ब्राउझर बंद पडला तर मुलाचा अर्धा तास जातो, आणि यंत्र गोठून वीजबटण दाबावे लागले तर सगळेच जाते. मी पहिले पत्करतो, पण त्याआधी मुलांना सांगून ठेवतो.

आता माणसांच्या प्रतिसादाविषयी, कारण आपण ‘बग कळवून काही होत नाही’ असेही लिहिले आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करण्याच्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रावर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले. यंत्राची चपळाई बारकाईने पाहणाऱ्या माणसामुळे जग वाचले. चोरदरवाजा असलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या ‘स्टेबल’मध्ये पोहोचल्याच नव्हत्या, ‘टेस्टिंग’ आणि ‘अनस्टेबल’मध्ये पोहोचल्या होत्या. दोन्ही गटांचे म्हणणे एकाच घटनेत खरे ठरले. पण मला अस्वस्थ करते ती तिसरी गोष्ट. हे साधन मुख्यतः एक माणूस विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी ‘तुम्ही उत्तर देत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा त्याच्यावर सतत दबाव आणला, आणि ज्याच्या हाती अधिकार गेले त्यानेच चोरदरवाजा पेरला. तत्पर उत्तर मागणे हे शस्त्र म्हणूनही वापरता येते, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून मी कोणत्याही सांभाळकर्त्याला ‘किती दिवस झाले?’ असे विचारत नाही.

आपण आता पुढीलप्रमाणे करावे. डिस्ट्रो बदलू नये. ‘सिस्कंट्रोल’ (sysctl) या कर्नलची मूल्ये बदलण्याच्या साधनाच्या सेटिंग फोल्डरमध्ये एक नवी फाइल करून ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ हे मूल्य १६ एमबी आणि ‘डर्टी बाइट्स’ हे ४८ एमबी ठेवावे, मात्र आकडा बाइटमध्ये लिहावा. ही मूल्ये दिली की टक्क्यांची मर्यादा आपोआप निष्प्रभ होते, आणि पाच एमबीच्या वेगानेही साठा दहा सेकंदांत उतरतो. पट्टी सावकाश भरेल, पण ती खरी असेल. त्यानंतर ‘झेडरॅम’ बसवावे, म्हणजे मजकूर दाबून लहान करून रॅमचाच एक भाग स्वॅपसारखा वापरता येतो. फेडोरा ऑक्टोबर २०२० पासून हेच करते. ‘अर्लीऊम’ डेबियनच्या भांडारात आहे. पैसे मिळालेच तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) लावावी, रॅम त्यानंतर.

नव्या कर्नलचा मोह असेल तर तोही ‘स्टेबल’ न सोडता भागतो. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे; जुन्या आवृत्तीसाठी नवे प्रोग्राम देणाऱ्या ‘बॅकपोर्ट्स’ या भांडारातून फक्त नवा कर्नल घेता येतो आणि जुना यंत्र सुरू होतानाच्या यादीत राहतो, म्हणजे बिघडले तर परत फिरता येते. किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर जावे, ज्यात ६.१२ आहे. आठांपैकी एखादे यंत्र ३२ बिटचे असेल तर ते १२ वरच राहू द्यावे, कारण १३ मध्ये तशा यंत्रांसाठी कर्नलच दिलेला नाही. काहीही करा, आधी एकाच यंत्रावर करा, यूपीएसची बॅटरी तपासून, आणि दिवसा वीज असताना.

एवढे करूनही अडकले तर बग जरूर कळवावा, पण ‘स्लो आहे’ असे लिहू नये. वर सांगितलेल्या पीएसआयचे आकडे ‘प्रोक’मधल्या ‘प्रेशर’ फोल्डरमध्ये (/proc/pressure) असतात; तिथल्या ‘मेमरी’ आणि ‘आयओ’ या दोन फाइली पाहाव्यात. यंत्र अडकायला लागले की त्यांतल्या ‘फुल’ (full) या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीचे आकडे दर पाच सेकंदांनी उतरवून घ्यावेत. सोबत कर्नलचा क्रमांक, डिस्कचा प्रकार, फाइलचा आकार आणि त्या वेळी किती टॅब उघडे होते ते द्यावे. दिग्रसजवळच्या एका शाळेतल्या सातवीच्या मुलीने माझ्यासाठी असा तक्ता वहीत उतरवला होता, घड्याळाच्या वेळेसकट, दोन पाने भरून. तो मी जसाच्या तसा इंग्रजीत टंकून पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात तिच्या दुसऱ्या पानावरच्या एका ओळीविषयी प्रश्न विचारलेला होता.